सोडलेली तंबाखू पुन्हा सुरू होते आहे? आधी हे तपासा

आधी लक्षणं. यातली दोन-तीन जरी जुळली तरी पुढचं तुमच्यासाठी आहे.

- सोमवारी सोडली, गुरुवारी ‘एकच चिमूट’ झाली, शनिवारी पुडी परत खिशात. दर महिन्या-दोन महिन्यांनी हेच चक्र.
- घरी पूर्ण बंद, पण कंपनीच्या गेटवर पाय ठेवला की हात आपोआप खिशाकडे जातो.
- स्वतः विकत घेत नाही, पण दुसऱ्यानं मळलेली समोर आली तर नाही म्हणवत नाही.
- तंबाखू सुटली, पण दिवसभर गालात सुपारी असते.
- कुणी ‘सोडलीस का?’ विचारलं की राग येतो, किंवा पटकन ‘हो, केव्हाच’ म्हणून विषय बदलला जातो.
- महिनोन्‌महिने ठीक चालतं आणि गणपतीला गावी जाऊन आलं की पुन्हा पहिल्यापासून.
- सकाळी तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही.

यातलं पाचवं लक्षण मला सगळ्यांत गंभीर वाटतं. चिमूट तोंडात जाण्याच्या बरंच आधी माणूस लपवायला लागलेला असतो. ज्या दिवशी पहिल्यांदा खोटं सांगितलं जातं त्या दिवशीच गाडी रुळावरून उतरलेली असते. पुडी नंतर येते.

मी डॉक्टर नाही. नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, राहायला कळव्याला. बरीच वर्षं शॉपफ्लोअरवरच्या, शेजारपाजारच्या आणि नात्यातल्या लोकांना तंबाखू सोडताना सोबत करतो आहे. काही पहिल्या फटक्यात सुटले, बरेच परत लागले, आणि परत लागलेल्यांतले कितीतरी पुढे कायमचे सुटले. बिघाड बहुतेक वेळा त्याच चार-सहा ठिकाणी सापडतो. मोटर वारंवार ट्रिप होत असेल तर आम्ही आल्या आल्या वाइंडिंग उघडत नाही. आधी ढिलं कनेक्शन, मग लोड, आणि हे सगळं ठीक निघालं तरच मोटर खोलायची. इथेही क्रम तोच ठेवला आहे : फुकटचं आणि सोपं आधी, खर्चाचं आणि अवघड शेवटी.

मळलेली तंबाखू, मावा, गुटखा आणि मशेरी यांवरच मी जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे खरा पसारा त्यांचा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. बिडी-सिगारेट ओढणारे त्यात फक्त ३.८ टक्के होते आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. सिगारेटवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो. रोज दारू घेणाऱ्या माणसानं हे वाचून दारूही त्याच दिवशी एकदम बंद करू नये. त्याचं कारण शेवटच्या भागात आहे. तो भाग आधी वाचा.

पुडी नेमकी कुठे कुठे आहे?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. ‘माझ्याकडे नाहीच’ म्हणणाऱ्यालाही हे करायला लावा. पँटचा मागचा खिसा, डब्याच्या पिशवीचा बाहेरचा कप्पा, बाइकची डिकी, लॉकरमधल्या जुन्या बुटांत, घरी देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर, बाथरूमच्या खिडकीत. चुन्याची डबीसुद्धा पुडीइतकीच महत्त्वाची. पुडी टाकून डबी ठेवलेले लोक मी खूप पाहिलेत. डबी हाताला लागली की अंगठा आपोआप तळहातावर फिरायला लागतो.

एवढ्या साध्या तपासणीला पहिला नंबर का? तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात पुडीसाठी चार पावलं चालावी लागली, रस्ता ओलांडावा लागला, सुटे पैसे शोधावे लागले, तर निम्म्या वेळा ती तिथेच मावळते. पुडी खिशात असेल तर मधे काहीच उरत नाही.

सुपारी चालू आहे का?

तंबाखू सोडणाऱ्याला लोक प्रेमानं सुपारी देतात. ‘हिच्यात काय आहे, खा.’ नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, तिच्यात तंबाखू असायला लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली तिला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते हे पक्कं ठरलेल्या गोष्टींच्या यादीत टाकलं. तोंड हळूहळू उघडेनासं होतं तो आजारही मुख्यतः सुपारीचाच.

आमच्या प्रेस शॉपमधले एक काका तंबाखू सोडून सुपारीवर आले होते. एक दिवस कॅन्टीनमध्ये ते वडापाव हातानं कुस्करून, बोटांनी दाबून चपटा करून तोंडात सरकवत होते. दातांनी तोडता येईल एवढं तोंड उघडतच नव्हतं. त्यांना स्वतःला ते इतकं सवयीचं झालं होतं की मी विचारेपर्यंत त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं.

गालात काहीतरी हवंच असेल तर लवंग, बडीशेप, आवळा, भाजलेले चणे. बडीशेप साधी घ्या. टपरीवरच्या तयार पाकिटांत बऱ्याचदा सुपारीच मिसळलेली असते.

तलफ कुठल्या जागेवर येते?

दोन दिवस सोडायचा प्रयत्नच करू नका, फक्त लिहा. खिशात कागद ठेवायचा आणि प्रत्येक वेळी तीनच गोष्टी : वेळ, जागा, सोबत कोण. ‘का’ लिहायचं नाही. ‘का’ विचारलं की माणूस टेन्शन, काम, नशीब असं काहीही लिहितो आणि खरी जागा हातची जाते.

आमच्याकडच्या कागदांवर तीच ठिकाणं पुन्हा पुन्हा येतात. ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना. रबाळेला उतरून एमआयडीसीकडे चालताना लागणारी टपरी. दहाचा चहा. जेवल्यानंतरची दहा मिनिटं. रात्रपाळीत तीनच्या सुमाराला. पावसात गाड्या रखडल्या की प्लॅटफॉर्मवर. घणसोली-कोपरखैरण्याच्या एका ड्रायव्हरच्या कागदावर जवळजवळ प्रत्येक ओळीत ‘सिग्नल’ होता.

कागद हातात आला की प्रत्येक जागेसाठी एकच ओळ ठरवायची : अमुक झालं की मी तमुक करीन. ‘रबाळेला उतरलो की टपरीच्या समोरच्या बाजूनं चालेन.’ ‘जेवण झालं की लगेच चूळ भरून ब्रश करीन.’ ‘चहा घेतला की कप घेऊन आत येईन, बाहेर थांबणार नाही.’ जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा ‘जर-तर’ ठरावांवर बरंच काम केलं आहे. ‘मी प्रयत्न करीन’ या मोघम ठरावापेक्षा जागा-वेळेला बांधलेला ठराव जास्त पाळला जातो. आमचा अनुभवही तोच. तंबाखू बंद, एवढंच ठरवून आलेला माणूस टपरीसमोर उभा राहिल्यावर नव्यानं विचार करायला लागतो, आणि टपरीसमोर उभं राहून विचार करायचा तर निर्णय टपरीच्याच बाजूनं लागतो.

गावचं वेगळं. गणपतीला, लग्नाला, जत्रेला जाताना त्या दिवसांची यादी आधी बनवा. रात्रीच्या भजनाला चंची फिरते तेव्हा तुमच्या हातात टाळ हवेत.

सकाळचं पोट

हे लोक बोलायला लाजतात, म्हणून मी स्वतःहून विचारतो. ‘तंबाखू लावल्याशिवाय प्रेशरच येत नाही’ हे सोडलेली पुन्हा सुरू करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं खरं कारण असतं. वर्षानुवर्षं आतड्याला त्या ढकलण्याची सवय लागलेली असते आणि सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकतं. ते कायमचं नसतं. रात्री एक-दोन केळी किंवा पपई, जेवणात भाजी आणि भाकरी वाढवायची, उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, दहा मिनिटं चालणं आणि रोज त्याच वेळी जाऊन बसणं. एवढ्यावर बहुतेकांचं पोट काही आठवड्यांत मार्गी लागतं. नाहीच लागलं तर इसबगोल, आणि त्यानंही नाही तर डॉक्टर. पण त्यासाठी पुडी परत आणायची गरज नाही.

विचारणारं माणूस आहे का? आणि ते बरोबर माणूस आहे का?

इथे थांबा आणि वेळ द्या. माझ्या पाहण्यातले सगळ्यांत जास्त बिघाड इथले आहेत.

सोडायची इच्छा बहुतेकांना असते. ठरल्या वेळी साधेपणानं विचारणारं कुणी नसतं. किंवा असतं, पण ते चुकीचं माणूस असतं.

बायकोला या कामाला लावू नका. सगळ्यांत जास्त कळकळ तिलाच असते, आणि अडचण तीच आहे. तिच्या प्रश्नामागे घरखर्च, मुलं, मागची दहा भांडणं सगळं उभं असतं. नवरा लवंग चघळून घरात शिरतो, ती तोंडाचा वास बघते, आणि त्या दिवसापासून त्याची सगळी हुशारी तिला चुकवण्यात खर्च होते. सुपरवायझर नको, कारण नोकरीची भीती वाटणाऱ्या जागी खरं बोललं जात नाही. ज्याच्यासोबत रोज बार भरला जातो तो मित्रही नको. दोघं मिळून सोडत असाल तर चालेल, पण मग दोघांना विचारणारा तिसरा हवा. आणि वीस-तीस जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप तर नकोच. तिथे पहिल्या दिवशी सगळे अंगठे देतात आणि दहाव्या दिवशी एखादा गप्प झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग कोण? ज्याला खरं सांगायला सगळ्यांत कमी त्रास होतो तो. रोज भेटणारा, तुमच्या वर नाही आणि खालीही नाही, ऐकलेलं पोटात ठेवणारा. आमच्याकडे कॅन्टीनच्या दादांनी हे काम फार चांगलं केलं, कारण चहा घेऊन कोण बाहेर जातं हे त्यांना दिसतंच. ट्रान्स-हार्बरच्या लोकलला रोज त्याच डब्यात भेटणारा सोबती चालतो. सोसायटीचा वॉचमन चालतो. ज्यानं स्वतः तंबाखू सोडली आहे तो मिळाला तर उत्तमच, पण तो उपदेशाला लागत नाही ना हे बघा.

माणूस ठरलं की त्याच्याशी चार गोष्टी बोलून घ्यायच्या. नंतर नाही, आधीच.

वेळ ठरलेली हवी, आणि ती धोक्याच्या जागेच्या *आधीची* हवी. रात्री नऊला ‘आज काय झालं?’ विचारलं तर दिवस संपलेला असतो. ती चौकशी होते, मदत होत नाही. जेवणाच्या सुट्टीच्या आधी विचारलं तर पुढची दहा मिनिटं कशी काढायची हे बोलता येतं.

प्रश्नाचं उत्तर आकड्यात यायला हवं : ‘काल संध्याकाळपासून किती?’ शून्य असेल तर शून्य. ज्या प्रश्नात अपेक्षित उत्तर आधीच भरलेलं असतं त्याला लोक तेच उत्तर देतात.

उत्तर काहीही आलं तरी भाषण नाही. पुढचे प्रश्न फक्त ‘कुठे?’ आणि ‘आज ती वेळ कधी येते?’

असं एक बोलणं मला जवळजवळ शब्दशः आठवतं. समोरचे आमचे फोर्कलिफ्ट चालवणारे दादा.

‘काय दादा, कालपासून किती?’

‘दोन.’

‘कुठे?’

‘एक गेटवर. ट्रकवाल्यानं हात पुढे केला. दुसरी... दुसरी घरी, गच्चीवर.’

‘ट्रकवाला आज पण येणार?’

‘तीनला.’

‘मग तीनला तुम्ही स्टोअरला या. मापं घ्यायची सगळी गेजं काढून पुसून ठेवायची आहेत, एकट्याचं काम नाही.’

तीनला ते आले, गेजं पुसून झाली, तोवर ट्रक रिकामा होऊन गेला होता. गच्चीवरची चिमूट त्यांनी सांगितली नसती तर कुणालाच कळली नसती. ती सांगितली म्हणून पुढे गच्चीचाही उपाय निघाला : कपडे वाळत घालायला ते धाकट्याला सोबत न्यायला लागले.

चौथी गोष्ट गप्प होण्याची. चूक झाली की माणूस पहिल्यांदा काय करतो? दिसेनासा होतो. मेसेज वाचत नाही, दुसऱ्या दारानं जातो, सुट्टीच्या वेळी मशिनवरच थांबतो. म्हणून आधीच कबूल करून घ्या की ठरल्या वेळेच्या तासाभरात उत्तर आलं नाही तर फोन येईल, आणि फोन उचलला नाही तर पाळी सुटताना जोडीदार गेटवर भेटेल. ही परवानगी पहिल्या दिवशी हसत दिली जाते. चुकल्यानंतर मागितली तर अपमान वाटतो.

दंडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे : ठेवू नका. पन्नास रुपये डब्यात टाकले की हिशेब मिटला असं वाटायला लागतं, आणि पैसे टाकण्यापेक्षा न सांगणं स्वस्त पडतं. ज्या व्यवस्थेत खोटं बोलणं फायद्याचं ठरतं ती व्यवस्था मोडणारच.

पहिले चार आठवडे रोज, मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, असं तीन-चार महिने चालवा. गावी जाण्याच्या आणि रात्रपाळीच्या आठवड्यात परत रोज. विचारणाऱ्यानं एका वेळी एकाच माणसाची जबाबदारी घ्यावी. तोही थकतो.

मशेरीवाल्या बायकांचं थोडं निराळं. त्यांची मशेरी घराबाहेर कुणाला दिसत नाही. घरात पुरुषांच्या तंबाखूवर चर्चा होते, पण भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दात घासायचीच वस्तू समजली जाते, त्यामुळे सोडायची आहे हे सांगायलाही कुणी नसतं. सुनेनं सासूला विचारणं जमत नाही, लेकीनं विचारलं तर ‘तू मला शिकवतेस?’ होतं. बचत गटातली बरोबरीची मैत्रीण हे काम सहज करते. आमच्या गल्लीत दोघी जणी पाण्याच्या वेळी नळावर एकमेकींना फक्त बोटं दाखवायच्या : दोन, एक, मूठ. मूठ म्हणजे आज एकदाही नाही. बाजूला उभ्या असलेल्यांना पत्ताही लागायचा नाही.

कारण फार लांबचं आहे का?

‘कॅन्सर होईल’ हे कारण खरं आहे, पण मंगळवारी सकाळी सव्वादहाला ते उपयोगी पडत नाही. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा आणि चित्र असतं. रोज बघणाऱ्याला ते दिसायचंच बंद होतं. उत्साह टिकायला कारण या आठवड्यात हाताला लागेल असं हवं.

फोर्कलिफ्टवाल्या दादांचं कारण होतं की धाकटी वासामुळे मांडीवर बसत नाही. ते त्यांनी आय-कार्डच्या मागे चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. कुणाला तिखट लागत नाही, कुणाला दातांची लाज वाटते. पैशाचं कारणही चालतं, पण पैसे दिसायला हवेत. रोज ४० रुपये जात असतील तर वर्षाचे १४,६०० होतात. हा आकडा सांगून काही होत नाही. रोज संध्याकाळी तेच ४० रुपये काचेच्या बरणीत टाकले आणि महिन्याच्या शेवटी १,२०० रुपयांची वस्तू घरात आली की मग होतं. ऑनलाइन बाजूला काढलेल्या पैशांचा हा परिणाम मी पाहिलेला नाही. नोटा दिसल्या पाहिजेत.

एकदा झाली तर पुढे काय?

हे सोडायच्या आधी ठरवायचं असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की व्यसन परत लागण्यात एका घसरणीपेक्षा तिच्यानंतर मनात येणाऱ्या विचाराचा हात मोठा असतो. ‘मोडलंच ना, आता काय उरलं’ हा तो विचार. पहिली चिमूट आणि पूर्ण पुडी यांच्यामध्ये तोच उभा असतो.

म्हणून दिवस मोजणारी ॲप्स मला फारशी पटत नाहीत. चाळीस दिवसांनी एक चिमूट झाली की स्क्रीनवर शून्य येतं, आणि चाळीस दिवसांचं काम पुसलं गेल्यासारखं वाटतं. आम्ही कॅलेंडरवर तंबाखूविना गेलेल्या दिवसांवर खूण करतो. चूक झालेला दिवस कोरा राहतो, बाकीच्या खुणा तिथेच असतात. २०१० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात नव्या चांगल्या सवयी अंगवळणी पडायला लोकांना १८ ते २५४ दिवस लागले, मधला आकडा ६६. म्हणजे ‘एकवीस दिवसांत होतं’ यावर विसंबू नका. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मधे एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. निकोटिनची ओढ सवयीपेक्षा जास्त चिवट असते हे खरं, पण एका कोऱ्या चौकोनानं सगळं संपत नाही, एवढं यातून घेण्यासारखं आहे.

चुकल्यावर करायच्या गोष्टी तीनच : तोंड धुवायचं, उरलेली पुडी पाण्यात ओतायची आणि त्याच दिवशी, झोपायच्या आधी जोडीदाराला सांगायचं. दुसऱ्या दिवसावर ढकललं की लपवणं सुरू होतं.

सगळं केलं तरी तिसरा दिवस निघत नाही

मग प्रश्न शरीराचा आहे. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली चिमूट लागते का? रात्री झोपेतून उठून लावता का? आजारी असतानाही लागते का? उत्तरं ‘हो’ असतील तर निकोटिनची पकड घट्ट आहे आणि नुसत्या निश्चयावर काढण्यात शहाणपण नाही. सोडल्यावर चिडचिड, डोकं जड होणं, झोप उडणं, लक्ष न लागणं हे पहिल्या दिवशीच सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत वाढतं आणि दोन ते चार आठवड्यांत बरंचसं ओसरतं. हा उतार पुढे आहे हे माहीत असलेला माणूस तिसरा दिवस काढतो.

इथून पुढे थोडा खर्च आहे. २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम मेडिकलमध्ये मिळतो, पण बहुतेक लोक तो चुकीचा खातात. बबलगमसारखा सलग चघळला तर निकोटिन लाळेतून पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि ‘मला सूट होत नाही’ म्हणून फेकला जातो. हळूहळू चावायचा, जिभेला झिणझिण्या जाणवल्या की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा, चव गेली की परत दोन-चार वेळा चावायचा. असा अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नाही, कारण आंबटपणानं निकोटिन शोषलं जात नाही. हृदयविकार असेल, गरोदरपण असेल, तोंडात जखमा असतील किंवा जबडा दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्याही असतात, त्या फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीनं. मित्राच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

१८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे. २०१८ पासून हा नंबर पुडीवरच छापलेला असतो. फोन मोफत, पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक. ज्यांना ओळखीच्या कुणालाही सांगायचं नाही त्यांनी जोडीदाराच्या जागी इथून सुरुवात करावी.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

पुढचं काहीही दिसलं तर वरचे उपाय करत बसू नका. जोडीदारानंही ‘अजून आठवडाभर बघू’ म्हणू नये.

- तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, गाठ लागली, गिळताना दुखतं, आवाज बसलाय तो सुटत नाही.
- स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जात नाहीत.
- तंबाखू बंद केल्यापासून मन इतकं खचलंय की कामावर जाववत नाही, जेवण-झोप गेली, किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटतं. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र चालू असतो. जीव देण्याचा विचार बोलून दाखवला तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.
- रोजची दारू आहे. ती एकाएकी थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. हात थरथरणं, घाम, नसलेल्या गोष्टी दिसणं सुरू झालं तर थेट इस्पितळ. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.
- गर्दची, गोळ्यांची किंवा खोकल्याच्या औषधाची नशा आहे. त्यासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.
- छातीत दुखतंय किंवा दम लागतोय. ‘तंबाखू सोडल्यामुळे असेल’ असं धरून चालू नका.

तोंडाच्या तपासणीला सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत फार खर्च येत नाही. ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय यांतलं जवळचं निवडा आणि कान-नाक-घसा किंवा दातांच्या ओपीडीला दाखवा. नेरुळला डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयाची ओपीडी आहे. पुढे गरज पडलीच तर टाटा मेमोरियलचं खारघरचं केंद्र नवी मुंबईतच आहे, परळपर्यंत धावपळ करायच्या आधी तिथे चौकशी करा. मनाच्या तक्रारीसाठी ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि समुपदेशनासाठी १९९० पासून काम करणारी आयपीएच ही संस्था आहे. मनोरुग्णालयाच्या नावानं घरचे दचकतात. ओपीडीला दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं, हे त्यांना आधी सांगून ठेवा.

जाताना तो दोन दिवसांचा कागद सोबत न्या. त्यावर आणखी एवढंच लिहा : किती वर्षं, दिवसाला किती वेळा, उठल्यावर पहिली केव्हा, आधी किती वेळा सोडली आणि जास्तीत जास्त किती दिवस राहिली, बीपी-शुगरच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो आणि त्यांना नेमकं हेच विचारायचं असतं. जोडीदाराला बरोबर घ्या. केसपेपर काढण्याच्या रांगेत उभं असतानाच बाहेरच्या टपरीकडे पाय वळतात.

आणि औषध सुरू झालं म्हणून रोजचा प्रश्न बंद करू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तसाच : ‘कालपासून किती?’ त्याला फक्त एक प्रश्न जोडायचा, ‘गोळी घेतली?’